पत्रीपूल कुणी बांधला? दहावीच्या आधी ऐकून ठेवा

आज पत्रीपुलाबद्दल बोलूया. कल्याणकरांनो, हसू नका. तिथल्या ट्रॅफिकमध्ये आपले किती तास गेलेत, मला माहितीये! पण नववी-दहावीत ‘सिव्हिल करू की आर्किटेक्चर?’ असा प्रश्न पडला असेल, तर हाच पूल बघा.

जुलै 2018 मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळला. त्यानंतर रेल्वेवरचे जुने पूल तपासले गेले. आपला ब्रिटिशकालीन पत्रीपूल धोकादायक ठरला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पाडला. पूल भार पेलेल की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनीअर तपासतो. जागेची मापं सर्व्हेअर घेतो, ड्रॉइंग ड्राफ्ट्समन काढतो. नव्या पुलाचा गर्डर सुमारे 700 टनांचा, तो जोडायला वेल्डर-फिटर लागतात. नोव्हेंबर 2020 मध्ये तो रुळांवर सरकवला, तोही रेल्वेने दिलेल्या मोजक्या तासांच्या ब्लॉकमध्ये. अशा वेळी साइट इंजिनीअरचं लक्ष घड्याळावरच! जानेवारी 2021 मध्ये पूल सुरू झाला.

आर्किटेक्ट मात्र इमारतींमध्ये जास्त भेटेल. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये हवा-उजेड कुठून येणार, जिना कुठे, हे तो ठरवतो.

आता खरी गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलीची चित्रकला भन्नाट होती, इंटरमिजिएटला ए ग्रेड. गणिताची भीती, म्हणून अकरावी सायन्सला तिने गणित सोडून बायोलॉजी घेतली. बारावीनंतर ‘नाटा’ द्यायची ठरवली, तेव्हा कळलं की बी.आर्क.ला गणित लागतंच. दोन वर्षं आधी कुणीतरी दोन मिनिटं बोललं असतं तर? चिडचिड होते अजून.

म्हणून नीट ऐका. बी.आर्क. पाच वर्षांचं, नाटा किंवा जेईईच्या पेपर 2 मधून. सिव्हिल इंजिनीअरिंगला बारावीनंतर सीईटी. पण दहावीनंतरच पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा करता येतो, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. घरी पैशांची ओढाताण असेल, तर हा रस्ता मला जास्त आवडतो, कारण हातात लवकर काम येतं. आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, आणि त्यानंतरही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हे बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं.

आणि हो, मार्गदर्शक म्हणजे कुणी मोठा साहेबच हवा असं नाही. सोसायटीतले सुपरवायझर काका, कॉन्ट्रॅक्टरकडे ड्रॉइंग करणारी ताई, डिप्लोमाला असलेला दादा, कुणीही चालेल. त्यांना ‘स्कोप काय आहे?’ विचारू नका, उत्तर ‘मेहनत कर’ एवढंच येतं. विचारा, ‘काल दिवसभर काय केलंत? पहिला पगार किती होता? शाळेतलं कोणतं गणित रोज लागतं?’ शक्य झालं तर परवानगी काढून, हेल्मेट घालून एकदा साइटवर जा. दुपारच्या उन्हात जा. एसी ऑफिसमधला ऑटोकॅड सगळ्यांनाच आवडतो.