तसबिरीमागचे हात

वरूडसारख्या गावात जुना वाडा पाडला जातो, तेव्हा देवघरातील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आणि ओसरीवरील पूर्वजांची छायाचित्रे बहुधा एकाच पोत्यात भरली जातात. या दोहोंचे नाते मात्र जुने आहे.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) चित्रे रंगविताना छायाचित्रांचा आधार घेत. आज खुद्द त्यांचे जीवन समजून घेण्यासही तत्कालीन छायाचित्रेच साह्यभूत ठरतात. परंतु ती मुख्यतः चित्रकाराचा चेहरा दाखवितात. १८९४ साली मुंबईत त्यांनी छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे एकेका रंगासाठी स्वतंत्र शिळा तयार करावी लागे, आणि कागद तितक्या वेळा यंत्रातून जाई. संस्थानिकांच्या महालातील चित्र सामान्यांच्या भिंतीवर आले, ते या श्रमविभागणीमुळे. दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्यात काम केले होते. अन्य कारागिरांपैकी कितीजणांची नावे आपणांस ठाऊक आहेत?

१९७२ च्या आगीत छापखान्यातील बरेच साहित्य नष्ट झाले. आग आकस्मिक असते. पोत्यात भरणे हा मात्र आपला निर्णय असतो. थोरांची छायाचित्रे संग्रहालये जपतील. संत्र्याच्या बागेत, शाळेत, बाजारात टिपलेल्या सामान्यांच्या छायाचित्रांना असा वाली नाही. घरातील वृद्ध हयात आहेत तोवर त्यांच्या पाठीवर नाव, गाव व साल लिहून ठेवावे. त्यास खर्च फक्त पेन्सिलीचा आहे.