सुस्वर नादही कानाला बाधतो

यंत्रांच्या खडखडाटाने कान जातात, गाण्याबजावण्याने जात नाहीत, ही समजूत ज्या नगरीत अधिक दृढ असावी अशी एखादी नगरी दाखवावयाची झाली, तर ती तंजावर होय. कारण व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत जेथे मराठ्यांची गादी होती, जेथे दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू नृत्यसंगीताची घडी बसवीत होते, जेथून जवळच तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी आहे, आणि जेथे महाराष्ट्रीय कीर्तनावर कर्नाटक संगीताचा संस्कार होऊन हरिकथा बहरास आली, तेथे नाद हा उपासनेचा विषय, अपायाचा नव्हे.

परंतु अंतःकर्णाला रसिकता नसते. प्रत्येक कानाच्या शंखाकृती पोकळीत सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. त्यांच्यावर आदळणारी ध्वनिऊर्जा किती आणि ती किती वेळ, एवढाच काय तो हिशेब तेथे रुजू होतो, राग कोणता होता याची नोंद होत नाही. पक्ष्यांमध्ये नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवतात. मनुष्यास ती देणगी नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली वाग्नरच्या एका संगीतिकेची तालीम चालू असता पितळी वाद्यांच्या पुढ्यात बसलेल्या एका व्हायोलावादकाची श्रवणशक्ती कायमची बिघडली आणि त्याने फिर्याद लावली, तेव्हा संस्थेच्या कैफियतीतला एक मुद्दा असा होता की कारखान्यात आवाज हा कामाच्या ओघात निघणारा उपद्रव असतो, येथे मात्र आवाज हेच उत्पादन आहे. न्यायालयाने २०१८ साली हा युक्तिवाद फेटाळला आणि पुढील वर्षी अपिलातही वादकाचीच बाजू मुख्यतः टिकली. मला हा निकाल न्यायाइतकाच शरीरशास्त्रालाही धरून वाटतो.

विजेचे कर्णे आले म्हणून कान बिघडू लागले, पूर्वीचे संगीत निरुपद्रवी होते, असे म्हणणारेही तंजावरात भेटतील. राजवाड्यातील संगीतमहालात केवळ कंठाच्या बळावर गाणाऱ्याविषयी हे म्हणणे पुष्कळसे खरे मानता येईल. पण नादस्वरम् आणि तविल यांना ते लागू करता येत नाही. आपल्या सनईहून लांब आणि कितीतरी बुलंद असे ते सुषिरवाद्य, आणि उजव्या हाताच्या बोटांना कडक टोपणे चढवून व डाव्या हाताने दांडूने वाजवायचा तो तविल, ही जोडी देवालयाच्या प्राकारासाठी आणि राजवीथींतून निघणाऱ्या मिरवणुकीसाठी निर्माण झालेली, म्हणजे मोकळ्या आकाशाखालची आहे. तीच जोडी आज चारही बाजूंनी बंद असलेल्या मंगल कार्यालयात, वर पुन्हा ध्वनिवर्धक लावून वाजते. आणि मांगल्यधारणाच्या क्षणी एखादा अशुभ शब्द कानी पडू नये म्हणून सर्व वाद्ये एकदम टिपेला नेणारे ‘गेट्टी मेळम्’ जेव्हा उसळते, तेव्हा पाहुण्यांना ते काही क्षण सोसावे लागते, वादकाला मात्र साऱ्या मोसमात, मुहूर्तामागून मुहूर्त. धोक्यात आहे तो श्रोत्यापेक्षा हा वादक, आणि कौतुकाने त्याच्या अगदी पुढ्यात बसविलेले मूल. जर्मनीत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत व्यावसायिक वादकांमध्ये आवाजजन्य श्रवणहानीचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ चौपट आढळले होते.

‘कान दुखला नाही, मग बिघडेल कसा?’ हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण वेदना साधारणतः १२० डेसिबेलच्या पुढे सुरू होते, हानी त्याच्या कितीतरी अलीकडे. शिवाय डेसिबेलची मोजणी सरळ बेरजेची नाही; ३ डेसिबेल वाढले की ऊर्जा दुप्पट होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबेलचे संगीत आठवड्यात ४० तास ऐकता येते, ९० डेसिबेलचे सुमारे ४ तास, आणि १०० डेसिबेलचे अवघी २० मिनिटे. ही मुद्दत नादस्वरम्‌ला आणि भ्रमणध्वनीला जोडलेल्या इअरफोनला सारखीच लागू आहे.

‘सवयीने कान तयार होतो’ असे मात्र कोणी म्हणू नये. पूर्वी असह्य वाटणारा आवाज आता सहन होतो याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की ऐकू येणे कमी झाले आहे. कार्यक्रमानंतर कानात गुणगुण राहिली आणि सकाळी ती थांबली, तर सर्व पूर्ववत झाले असे आपण धरून चालतो. तथापि २००९ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत श्रवणाची पातळी पूर्ववत झाल्यावरही केशपेशी व श्रवणतंतू यांचे सांधे कायमचे तुटलेले दिसले.

रात्री दहा वाजता कर्णे बंद झाले म्हणजे कायदा पाळला गेला, आणि कायदा पाळला गेला म्हणजे कान सुरक्षित, हीही एक भाबडी समजूत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील निवासी भागाची दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा परिसराच्या स्वास्थ्यासाठी आहे; कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहणाऱ्याची हमी तिने घेतलेली नाही.

उपायांच्या बाबतीतही गैरसमजांची वाण नाही. कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही; त्यासाठी कानात नीट बसणारी बुचेच हवीत, आणि सर्व स्वर सारख्या प्रमाणात मंद करणारी, वादकांसाठी मुद्दाम बनविलेली बुचेही मिळतात. मोकळ्या जागी कर्ण्यापासूनचे अंतर दुप्पट केले की ६ डेसिबेल कमी होतात, आणि याला खर्च काहीच नाही. कोमट तेल कानात घालण्याचा घरगुती प्रघात तर या हानीवर सर्वथा निष्फळ आहे, कारण ते कर्णपटलापलीकडे पोचत नाही, आणि पडदा फाटलेला असल्यास अपायच करते. ज्या सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयाच्या दफ्तरात आजही आहेत, त्यांच्या गावी कानाची तपासणी तेलाच्या वाटीवर सोपविली जावी, हे मला रुचत नाही.

ही हानी प्रथम ४००० हर्ट्‌झच्या आसपास होते, म्हणून ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटू लागतात आणि मनुष्य म्हणतो, ऐकू येते पण समजत नाही. असे वाटू लागलेल्या वादकाने, आणि ज्याचा बधिरपणा कार्यक्रमानंतर एक दिवस उलटला तरी गेला नाही अशा श्रोत्याने, पुढच्या मुहूर्ताची वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणमापन करून घ्यावे.