ऑपरेशन झालं, आता ताटाचं काय?

पापडाचा भाव आणि कर्जाचा हप्ता यांवर आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतलाय, आणि तो घ्यायला कारण आमचीच एक चूक आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गटातल्या एक ताई आल्या होत्या. वय ४२. पाच महिन्यांपूर्वी पुण्याला त्यांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं होतं. वजन ११८ किलो, दहा वर्षांची शुगर, गुडघे असे की जमिनीवर बसलं तर उठवायला दोघी लागायच्या. ऑपरेशननंतर वजन ९२ वर आलं, आणि त्या दिवशी त्या सतरंजीवर बसल्या आणि आपल्या आपण उठल्या. आम्हाला कोण आनंद! त्या आनंदात आम्ही काय केलं, तर तिळाचा लाडू दिला, त्यावर गुळाची पोळी वाढली, पोळीवर तूप. त्या नको नको म्हणत होत्या. आम्ही म्हटलं, "अहो ताई, वर्षाचा सण आहे, एवढ्यानं काय होतंय?"

पंधरा-वीस मिनिटांत त्यांना दरदरून घाम फुटला. छातीत धडधड, पोटात कळ, डोळ्यांपुढं अंधारी. आम्हाला वाटलं, शुगर उतरली. म्हणून पटकन लिंबू-साखरेचं पाणी केलं आणि पाजलं. त्यानं त्रास आणखीच वाढला. शेवटी त्यांच्या मुलीनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आडवं झोपवा, गोड काही देऊ नका. तासाभरानं त्या सावरल्या. आम्ही मात्र त्या रात्री नीट झोपलो नाही.

पुढच्या तपासणीला ताईंनी आमच्यापैकी दोघींना बरोबर नेलं. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंना आम्ही एक तास पिडलं. तिथं जे कळलं ते ताईंच्या परवानगीनं, त्यांचं नाव न घेता, सांगतोय. तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, आमचा नाही.

आधी ऑपरेशनमध्ये काय करतात ते बघू. दोन प्रकार जास्त चालतात. एकाला स्लीव्ह म्हणतात. त्यात जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. दुसरा बायपास. त्यात जठराचा वरचा छोटासा कप्पा वेगळा करून तो खाली लहान आतड्याला जोडतात. अन्न बाकीचं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढं जातं. ताईंचा बायपास झालाय. साध्या जठरात अन्न घुसळलं जातं आणि थोडं थोडं पुढं सोडलं जातं. बायपासमध्ये ते राखणदार दारच उरत नाही. गूळ-साखर एकदम आतड्यात उतरते, तिथं पाणी ओढून घेते आणि घाम, धडधड, कळ, जुलाब असं सगळं सुरू होतं. याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हमध्येही होऊ शकतं, पण बायपासमध्ये जास्त. खाल्ल्याबरोबर होणारा हा एक प्रकार. दुसरा एक ते तीन तासांनी होतो आणि त्यात खरोखरच साखर खाली जाते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून अंदाजानं साखरपाणी पाजू नका. घरात शुगर मोजायचं यंत्र असेल तर आधी मोजा, आणि कोणत्या आकड्याला काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आमच्याकडं ते लिहिलेलं नव्हतं. आता ताईंच्या फ्रिजच्या दारावर चिकटवलंय.

आता खाण्याचं. ऑपरेशननंतर पहिले साधारण दोन आठवडे पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ, आणि दोनेक महिन्यांनी नेहमीचं जेवण, अशा पायऱ्या असतात. दवाखान्या-दवाखान्यात दिवस थोडे मागं-पुढं होतात. हा काळ बहुतेक जणी नीट पाळतात, कारण भीती असते. खरी गंमत पुढं आहे.

पोटात जागाच अर्ध्या-पाऊण वाटीची. त्यात आधी काय भरायचं? आपण बायका ताटात आधी भाकरी आणि भात बघतो. तिथं उलटं करावं लागतं. पहिले घास प्रथिनांचे, म्हणजे अंडं, पनीर, मासा, चिकन, घट्ट वरण, उसळ. मग भाजी. जागा उरली तर शेवटी चतकोर भाकरी. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. ऐकायला सोपं वाटतं, पण हिशेब मांडा. एका अंड्यात सहा ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. पेलाभर दुधात तेवढेच. ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आणि भरीव, २५ ग्रॅम सुक्या वड्यांत तेरा ग्रॅम. आमच्या गटाच्या हिशेबनीस बाईंनी वहीत रकाने पाडून ताईंचा एक दिवस मांडला, तर बेरीज ४१ आली. म्हणून सुरुवातीला प्रोटीन पावडर देतात. ती महाग पडते हे खरं, पण ती परस्पर बंद करायची नाही. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात, अंगात त्राण उरत नाही. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, ते झपाट्यानं वजन उतरल्यामुळं. बहुतेक जणींचे परत येतात. कुणी तेलाची बाटली घेऊन दारात आलं तर आधी आपली प्रथिनं आणि गोळ्या बघा.

पाणी जेवणाबरोबर प्यायचं नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, मग घोट घोट, दिवसभरात दीड ते दोन लिटर. ताई शिलाई मशीनवर बाटली ठेवतात आणि एक ब्लाऊज होईपर्यंत पाव बाटली संपवतात. घास लहान, बारीक चावून, वीस-पंचवीस मिनिटांचं जेवण. पोट भरल्याची खूण आपल्याला पूर्वी कळायची तशी कळत नाही. कुणाला शिंक येते, कुणाला छातीत दाटल्यासारखं होतं, कुणाचं नाक वाहतं. ती खूण आली की हातातला घाससुद्धा खाली ठेवायचा.

आणि इथं आपल्या घरांची पद्धत आडवी येते. सगळ्यांचं झाल्यावर बाईनं जेवायचं, आणि टोपात उरलेलं "टाकून कुठं द्यायचं" म्हणून संपवायचं. नातवाच्या ताटातला अर्धा पराठा, कढईतला खरवडलेला शिरा, हे कुणाच्या हिशेबात येत नाही. आम्हाला तर वाटतं, आपल्यातल्या निम्म्या जणींचं वजन ताटातून वाढत नाही, टोपातून वाढतं. ताईंनी घरात सांगून टाकलं की मी पहिल्या पंगतीला बसणार. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "बस गं, तुझं अंडं गार होतंय."

पहिले काही महिने भूक फारशी लागत नाही. भुकेचा एक संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतो आणि ऑपरेशननंतर त्याचं प्रमाण बदलतं. बहुतेक वजन पहिल्या वर्ष-दीड वर्षात उतरतं. मग भूक परत येते आणि काटा थांबतो. थोडं वजन परत येणं बऱ्याच जणांना होतं, त्यात लाज नाही. पण किती येईल ते एका गोष्टीवर पुष्कळ अवलंबून असतं. कोरडी भाकरी, चिकट भात, चिवट मटण अडकतं, म्हणून माणूस जे सहज उतरतं त्याकडं वळतो. चहात बुडवलेलं बिस्कीट, आईस्क्रीम, शेव-फरसाण, साखरेचा चहा दिवसातून सहा वेळा. हे लहान पोटातूनही बिनबोभाट जातं. ताईंचं वजन सातव्या महिन्यात अडलं, तेव्हा हिशेबनीस बाईंनी पुन्हा रकाने पाडले. सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. बारा चमचे!

उपवासाचंही बोलायला हवं. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, नवरात्रात नऊ दिवस वरई आणि बटाटा, म्हणजे नुसतं पिठूळ, प्रथिनं कमीच. आमच्या गटात रोजे ठेवणाऱ्याही आहेत, आणि दिवसभर पाणी नसणं या पोटाला आणखी अवघड. पहिल्या वर्षी तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ताईंनी या नवरात्रात दूध, दही, पनीर आणि राजगिऱ्यावर उपवास केला, गोळ्या चालू ठेवून. देवीची हरकत असल्याचं काही ऐकलं नाही.

गोळ्यांवर येऊ, कारण इथं पैसा आडवा येतो. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि एक मल्टिव्हिटॅमिन. बायपासनंतर या जन्मभराच्या, कारण यातलं बरंच काही जिथं शोषलं जातं तो रस्ताच टाळलाय. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नाही, मध्ये दोन तास सोडायचे. लोहाची गोळी चहाबरोबर तर नाहीच. "आता बरी झालीस की, कशाला गोळ्या?" असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. ताईंच्या मिस्टरांनी म्हटलं आणि दीड महिना गोळ्या आल्या नाहीत. बी-१२ कमी पडल्याचं लगेच कळत नाही. महिन्यांनी, कधी वर्षांनी हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि फार उशीर झाला तर तो पूर्ण जातोच असं नाही. म्हणून रक्ताची तपासणी सुरुवातीला डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि नंतर दरवर्षी. शुगर-बीपीची औषधं बहुतेकांची कमी होतात, पण ती डॉक्टरांनी कमी करायची, आपण नाही.

अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेण्याची आपल्याला सवय आहे. बायपास झालेल्यांनी ती मोडायलाच हवी. दुखण्यावरच्या पुष्कळ गोळ्यांनी नव्या जोडाच्या जागी व्रण होतो. तंबाखूही बंद, मग ती विडी असो की मिसरी.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. उलट्या थांबत नसतील, तर गावात पहिलं वाक्य असतं, "सलाईन लावा." ऑपरेशन झालेल्या माणसाला सतत उलट्या झाल्या की बी-१ हे जीवनसत्त्व संपत जातं. अशा वेळी ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तोल जाणं, एकाचं दोन दिसणं, बडबडणं ही त्याची लक्षणं. म्हणून कोणत्याही दवाखान्यात पाऊल टाकताच आधी सांगायचं की बायपास झालाय किंवा स्लीव्ह झालीय. ताईंच्या पाकिटात तसा कागदच आहे. पोटात जोराचं दुखणं, ताप, काळी शी, पोटरीला सूज असेल तर वाट बघायची नाही.

लहान वयाच्या मैत्रिणींसाठी एक. वजन उतरलं की बंद झालेली पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, कारण बाळाला पुरेल इतकं अंगात नसतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही, दुसरं साधन डॉक्टरांना विचारा. सासरी "आता तरी" सुरू झालं तर हा लेख वाचायला द्या.

राहिलं चालणं. ते ऑपरेशनच्या दिवसापासूनच सुरू होतं, आधी खोलीत, मग व्हरांड्यात. महिना-दीड महिना जड उचलायचं नाही. पाण्याची घागर नाही, सिलिंडर नाही, दळणाचा डबा नाही. घरात हे कुणी ऐकत नाही, म्हणून आम्ही पाळी लावली आणि ताईंचं दळण सहा आठवडे गटानं आणलं. नंतर हळूहळू वाढवत आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, जरा दम लागेल असं. "दिवसभर घरात राबते, तोच व्यायाम" असं आम्हीही म्हणायचो. पण ओट्याशी उभं राहून पाय दुखतात, दम लागत नाही. शिवाय स्नायूंसाठी वेगळं काही लागतं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहादा, भिंतीला हात लावून ढकलणं, लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या उचलणं. आठवड्यातून दोनदा.

ताई एकट्या निघाल्या तेव्हा कोपऱ्यावरची मंडळी साडीखालच्या बुटांवर हसली. दोन दिवसांनी त्यांनी चालणं सोडलं. मग आम्ही सहा जणी निघालो, सहाही जणी साडीवर बूट घालून. पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानाला सहा फेऱ्या. आता अकरा जणी आहोत. आमच्यातल्या कुणाचंही ऑपरेशन झालेलं नाही, पण दोघींची शुगर खाली आली आहे.

हळदीकुंकवाचा बेतही बदललाय. मटकीची उसळ, फुटाणे, मसाला ताक, आणि लाडू लिंबाएवढा, ज्याला हवा त्यानं उचलायचा. वाढणारीनं दोनदा विचारायचं नाही, असं बैठकीत ठरलं आणि ठराव वहीत लिहिला. त्याच पानावर, कर्जाच्या हप्त्यांच्या तारखांखाली, ताईंच्या वार्षिक रक्ततपासणीची तारीख आहे. बरोबर कोण जाणार तेही लिहिलंय. यंदा पाळी आमच्या सचिवांची.