गडाच्या पायथ्याची गोष्ट

महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. रायगड त्यांपैकी एक होय. रज्जुमार्गाने गडावर जावयाचे, समाधीचे दर्शन घ्यावयाचे आणि लगोलग परतावयाचे, असा अनेक प्रवाशांचा क्रम असतो. पायथ्याच्या पाचाड गावी राजमाता जिजाबाईंची समाधी आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अवघ्या काही दिवसांत त्यांचे येथेच देहावसान झाले. तरीही गावात रेंगाळणारे थोडेच.

त्यांना थांबविण्याचे साधन गावापाशीच आहे. तान्ह्या मुलाच्या ओढीने रात्री कडा उतरलेली हिरकणी सर्वांस ठाऊक आहे. तिच्या नावाची वाडी रज्जुमार्गाच्या पायथ्याशीच आहे. ही आख्यायिका आहे, असे सांगणाऱ्याने स्पष्ट म्हणावे. त्याने तिची गोडी उणावत नाही. हिरोजी इंदुलकरांचे नाव मात्र जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर कोरलेले प्रत्यक्ष वाचता येते. हा भेद सांभाळला, तरच ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

वाटांची नावे, पाण्याच्या जागा, डोक्यावर ताकाची मडकी घेऊन पायऱ्या चढणाऱ्या स्त्रियांचे अनुभव या गोष्टी मात्र बहुधा वृद्धांच्या स्मरणातच असतात, आणि त्यांच्याबरोबरच त्या जातात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी त्या सांगणाऱ्याच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात व ग्रामसभेपुढे वाचाव्यात. कथनाचे मानधन सहल नेणाऱ्याच्या नव्हे, सांगणाऱ्याच्या हाती पडले पाहिजे. त्याचा दर ग्रामपंचायतीने आधीच ठरवून फलकावर लावल्यास घासाघीसही टळेल.