दोन दप्तरांत वाटला गेलेला संसार

ज्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या घराची चूल, बाग आणि कपाटे सांभाळली त्यांचे चरित्र लिहावयाचे म्हटले, तर पहिली अडचण उभी राहते ती साधनांची. कारण चाकराचे नाव कागदावर चढते ते धन्याला जमाखर्च ठेवावयाचा असतो, सरकारला कर घ्यावयाचा असतो किंवा चर्चला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद करावयाची असते तेव्हाच, आणि या प्रसंगांच्या मधले जे प्रत्यक्ष जगणे ते कोणत्याच दप्तरी रुजू होत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एका चाकर दांपत्याचा माग या दृष्टीने काढून पाहण्याजोगा आहे.

सारा नील हिचा जन्म १८२२ चा, चिचेस्टर येथला. तिचा बाप मिडहर्स्टला खाणावळ चालवीत असे. १८५० मध्ये ती ससेक्समधील अपपार्क या टेकडीवरच्या भव्य वाड्यात मालकिणीच्या बहिणीची खास दासी म्हणून चाकरीस लागली. या वाड्याचा धनी सर हॅरी फेदरस्टनहॉ याने सत्तरी गाठल्यावर, १८२५ मध्ये, आपल्याच दूधघरात काम करणाऱ्या मुलीशी लग्न केले होते, आणि १८४६ मध्ये तो वारल्यावर सारी इस्टेट तिच्याकडे आली होती. सारा चाकरीस लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८५१ मध्ये, तेथे जोसेफ वेल्स नावाचा माळी आला. तो पेन्सहर्स्टच्या उमरावाकडील मुख्य माळ्याचा मुलगा. वाड्यातील दासी आणि बागेतील माळी यांची ओळख वाढली; परंतु वाड्यात राहणाऱ्या दासीला संसार आणि चाकरी ही दोन्ही एकाच वेळी साधणे त्या काळी दुरापास्त असे. दोघांनीही अपपार्क सोडले, आणि २२ नोव्हेंबर १८५३ रोजी लंडनच्या कोलमन स्ट्रीटवरील सेंट स्टीफन चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला.

१८३७ नंतरच्या इंग्रजी विवाहनोंदीचा नमुना जवळून पाहावा असा आहे. आखलेल्या एका चौकटीत तारीख, वय, पूर्वस्थिती, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, दोन्ही पित्यांची नावे आणि त्यांचे धंदे, आणि शेवटी सह्या. ज्याला लिहिता येत नसे त्याने फुली करावयाची. आईसाठी मात्र त्या चौकटीत जागाच नव्हती. वधूच्या व्यवसायाचा रकानाही पुष्कळदा कोरा सोडलेला आढळतो, मग तिने दहा वर्षे दुसऱ्याची धुणीभांडी केलेली का असेनात. असे कोरे रकाने वाचणे हेच संशोधकाचे खरे काम आहे, असे मला वाटते.

कराची कथाही अशीच. पुरुष चाकर बाळगणाऱ्या धन्यावर १७७७ मध्ये बसविलेला कर थेट १९३७ पर्यंत चालू राहिला, आणि त्यात माळीही मोजले जात. उलट स्त्री चाकरांवरील कर १७८५ मध्ये आला आणि सातच वर्षांत उठला. सबंध एकोणिसाव्या शतकात माळ्याची मोजदाद सरकारी वहीत होत राहिली आणि दासीची झाली नाही. दासीचा ठाव लागतो तो वाड्याच्या पगारपत्रकात किंवा दर दहा वर्षांच्या शिरगणतीत. त्यातही १८४१ च्या गणतीत जन्मस्थळ म्हणून ‘याच परगण्यात की नाही’ एवढेच टिपलेले असून पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणलेली असत. १८५१ पासून गाव आणि कुटुंबप्रमुखाशी नाते नोंदले जाऊ लागले, आणि तेव्हापासून माणसाचा शोध खऱ्या अर्थाने सुकर झाला.

विवाहानंतर जोसेफने माळीकामाच्या दोन-तीन नोकऱ्या केल्या, आणि १८५५ मध्ये एका चुलतभावाकडून लंडनजवळील ब्रॉमली येथे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान घेतले. दुकान बेताचेच चाले. जोसेफचा जीव क्रिकेटमध्ये होता, आणि जून १८६२ मध्ये केंटतर्फे ससेक्सविरुद्ध त्याने लागोपाठ चार चेंडूंत चार गडी बाद केले. प्रथम दर्जाच्या सामन्यांत असा पराक्रम त्यापूर्वी कोणीही केला नव्हता. माळी म्हणून काम केलेल्या वर्षांनी जे नाव त्याला दिले नाही, ते धावफलकावरील एका दिवसाने दिले.

१८७७ मध्ये त्याचा पाय मोडला आणि खेळाची मिळकत आटली. १८८० मध्ये सारा पुन्हा अपपार्कला गेली, यावेळी वाड्याची मुख्य कारभारीण म्हणून. जोसेफ ब्रॉमलीला दुकानात राहिला. शिरगणतीचा नियम असा की ज्या छताखाली माणूस त्या रात्री असेल तेथेच त्याची गणना व्हावी. तेव्हा ३ एप्रिल १८८१ च्या रात्री असे दांपत्य दोन परगण्यांच्या दोन वेगळ्या पत्रकांत विभागले जाणार, हे उघड आहे. त्या पत्रकांवरून कोणी म्हणेल की हा संसार मोडला होता. पण संसार मोडला नव्हता, चाकरीने तो वाटून टाकला होता. सारा तेरा वर्षे तेथे राबली आणि १८९३ मध्ये, वार्धक्य आणि बहिरेपण आल्यावर, बडतर्फ झाली. ती १९०५ मध्ये वारली, जोसेफ १९१० मध्ये.

या दांपत्याविषयी इतके सांगता येते त्याचे कारण त्यांचा धाकटा मुलगा हर्बर्ट जॉर्ज, म्हणजेच एच. जी. वेल्स. आईच्या रोजनिशीचा उपयोग त्याने १९३४ च्या आत्मचरित्रात केला, आणि ‘टोनो-बंगे’ या कादंबरीतील वाडा अपपार्कवरूनच रेखाटला. ज्यांच्या पोटी असा मुलगा आला नाही त्या असंख्य माळ्यांना आणि दासींना आधार उरतो तो केवळ स्थानिक दप्तरांचा. अपपार्कचे कागद चिचेस्टरच्या अभिलेखागारात आज जतन केलेले आहेत, आणि सारासारखीच तेथे राबलेली बाकीची माणसे शोधायची तर तेथूनच प्रारंभ करावा लागतो.

आपल्याकडेही १७ फेब्रुवारी १८८१ रोजी शिरगणती झाली, पण घराघरांची ती पत्रके जपली गेली नाहीत. म्हणून जुन्या वाड्यांच्या पोटमाळ्यांवर पडलेल्या रोजकिर्दी, खतावण्या आणि चाकरांच्या मुशाहिऱ्याच्या याद्या यांचे मोल आपल्याला अधिक आहे. कुणबिणी, आचारी, हुजरे, पाणके यांची नावे आता त्याच कागदांत उरली आहेत. आपल्या घरी मोडीतील असे बाड असेल, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्याला दाखवावे, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे त्याविषयी चौकशी करावी, ही वाचकांना कळकळीची विनंती.