विहिरीत टेप सोडणाऱ्या माणसाचा खर्च कुठून येतो?



अर्थसंकल्प हा धडा शिकवताना आपली एक अडचण नेहमीची आहे. मुलांना महसुली खर्च, भांडवली खर्च, तूट, शिल्लक या व्याख्या पाठ होतात, पण त्याचा आपल्या गावाशी काय संबंध हे काही लक्षात येत नाही. म्हणून आज एक छोटंसं सरकारी काम घेऊ आणि त्याच्या पैशाचा माग काढू. काम साधं आहे. जुन्नर-आंबेगावातल्या एखाद्या ठरलेल्या विहिरीत वर्षातून चार वेळा टेप सोडायची, पाणी जमिनीपासून किती मीटर खाली आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं.

हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. ती राज्य शासनाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाखाली येते आणि तिचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. राज्यभरात तिच्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये त्यांची पातळी मोजली जाते. पावसाळ्यानंतरची नोंद मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात. कोणत्या तालुक्यात, कोणत्या गावांत पाण्याची टंचाई पडेल आणि ती कोणत्या महिन्यापासून, याचा अंदाज त्यावरून निघतो. जिल्हाधिकारी कार्यालयाचा टंचाई कृती आराखडा तीन टप्प्यांचा असतो : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. कुठे टँकर, कुठे विहीर अधिग्रहण, कुठे नवीन बोअर, हे ठरवताना हा अंदाज समोर असतो. म्हणजे टेपचा एक आकडा चुकला किंवा मोजलाच गेला नाही, तर त्याची किंमत पुढे एप्रिलमध्ये हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला मोजावी लागते.

आता पैशाकडे वळू. शिक्षकांना हे समजायला सोपं जाईल, कारण आपल्या पगारबिलावर २२०२ हा आकडा आपण कित्येक वर्षं बघत आलो आहोत. हे प्रधान लेखाशीर्ष, म्हणजे ‘सर्वसाधारण शिक्षण’. सरकारचा प्रत्येक रुपया अशा एखाद्या चार अंकी घरात राहतो. पाणीपुरवठा व स्वच्छता २२१५ मध्ये, लहान पाटबंधारे २७०२ मध्ये, वने आणि वन्यजीव २४०६ मध्ये, पर्यावरण ३४३५ मध्ये, आणि नैसर्गिक आपत्तीच्या मदतीचा खर्च २२४५ मध्ये. पहिला अंक २ किंवा ३ असला की तो महसुली खर्च, ४ किंवा ५ असला की भांडवली. म्हणून शाळेचा पगार २२०२ मध्ये आणि शिक्षण खात्याची भांडवली इमारत ४२०२ मध्ये. मुलांना एवढं सांगितलं तरी अर्थसंकल्पाचं पुस्तक त्यांना निम्मं वाचता येतं.

या मोठ्या घराच्या आत छोट्या खोल्या असतात. त्यांना उद्दिष्टशीर्ष म्हणतात. ०१ वेतन, ११ देशांतर्गत प्रवास खर्च, १३ कार्यालयीन खर्च, २४ पेट्रोल-तेल-वंगण, ५२ यंत्रसामग्री, वगैरे. अनुदानित शाळेतल्यांना ३६ हा आकडा माहीत असेलच, सहायक अनुदान (वेतन). तर सर्वेक्षण करणाऱ्या यंत्रणेचा खर्च मुख्यतः कशावर होतो? माणसांवर आणि त्यांच्या फिरण्यावर. ती धरण बांधत नाही की रस्ता करत नाही. तिचं उत्पादन म्हणजे आकडे आणि नकाशे.

आणि इथेच गोची आहे. समजा, एखाद्या सर्वेक्षण कार्यालयाला १०० रुपये मंजूर झाले. त्यातले ८५ वेतनाचे, ६ प्रवासाचे, ४ इंधनाचे आणि ५ बाकीच्या गोष्टींचे. (हे आकडे फक्त वर्गात समजावण्यासाठी घेतले आहेत, कोणत्याही कार्यालयाचे नव्हेत.) वर्षाच्या मध्यात वित्त विभागाने सांगितलं की दहा टक्के खर्च कमी करा. वेतन कापता येत नाही, ते बरोबरच आहे. मग दहा रुपये उरलेल्या पंधरातूनच जाणार. कागदावर कपात दहा टक्के, प्रवास-इंधन-साहित्यावर मात्र ती पडते ६६ टक्क्यांहून जास्त. भूवैज्ञानिक कार्यालयात हजर आहे, त्याचा पगारही होतोय, पण जीप जागेवरून हलत नाही. शाळेचं उदाहरण द्यायचं तर सगळे शिक्षक आहेत पण खडू आणि वीजबिलाला पैसे नाहीत, तशी गत. फरक इतकाच की आपण खडूशिवायही काहीतरी शिकवू. विहिरीपर्यंत न जाता तिची पातळी कशी मोजणार?

कपात ही कल्पनेतली गोष्ट नाही. कोरोनाच्या वर्षात, ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने राज्यातल्या विभागांना त्या वर्षीच्या विकास कार्यक्रमांसाठी तरतुदीच्या फक्त ३३ टक्के निधी मिळेल असं ठरवलं गेलं. आरोग्य, अन्न पुरवठा, मदत व पुनर्वसन अशा विभागांना त्या वेळी प्राधान्य होतं. त्यात कुणाला दोष द्यायचा प्रश्न नाही, प्रसंगच तसा होता. पण एक लक्षात घ्या. जी मोजणी हुकली ती पुढच्या वर्षी दुप्पट पैसे देऊनही परत मिळत नाही. मे महिन्यातली पातळी मे महिन्यातच मोजावी लागते.

यावरून वेळापत्रकाचा मुद्दा येतो. मला तो पैशाच्या रकमेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

सरकारचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. पुढच्या वर्षाची मागणी खालच्या कार्यालयातून आधीच्या पावसाळ्याच्या अखेरीस वर जायला लागते : जिल्हा, संचालनालय, प्रशासकीय विभाग, मग वित्त विभाग. वर्षाचे आठ महिने झाले की ‘आठमाही’ येते, म्हणजे आतापर्यंत किती खर्च झाला ते बघून सुधारित अंदाज. साधारण मार्चमध्ये विधिमंडळात अर्थसंकल्प मांडला जातो, मंजूर होतो. मंजूर झाला म्हणजे पैसा हातात आला असं मात्र नाही. निधीचं वितरण बीम्स या संगणक प्रणालीवरून टप्प्याटप्प्याने होतं. निवडणुकीच्या वर्षी तर आधी चार महिन्यांपुरतं लेखानुदान आणि पूर्ण अर्थसंकल्प नंतर. २०२४ मध्ये राज्याचा अंतरिम अर्थसंकल्प २७ फेब्रुवारीला आला आणि पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला.

आता हे निसर्गाच्या कॅलेंडरशेजारी ठेवून बघा. मार्चची मोजणी वर्ष संपताना येते. तेव्हा उरलेला पैसा ३१ तारखेच्या आत खर्च करायची घाई, कारण राज्य यंत्रणेचा अखर्चित निधी व्यपगत होतो. मेची मोजणी वर्ष सुरू होताना येते. तेव्हा नवीन वितरण जेमतेम सुरू झालेलं असतं. डोंगरउतारांची पाहणी करायची तर तीही जूनच्या आत व्हायला हवी, आणि जूनमध्ये भीमाशंकरच्या बाजूला पाऊस उतरला की काम थांबलंच. शेत पावसावर चालतं, फाईल मार्चवर चालते. या दोन्हींचा मेळ घालणं हेच नियोजनाचं खरं काम आहे. चांगलं नियोजन म्हणजे मेचा प्रवास खर्च आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्येच मागणीत दाखवणं, आणि तो एप्रिलच्या पहिल्या वितरणात मिळेल असं बघणं.

आपल्या दोन तालुक्यांत आणखी एक गुंता आहे. पश्चिमेला माळशेज, नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर, म्हणजे सह्याद्रीचा माथा आणि धो-धो पाऊस. पूर्वेला नारायणगाव, मंचर आणि त्याच्या पलीकडचा पट्टा : पाऊस कमी, पण माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांचं कालव्याचं पाणी, आणि त्यावर कांदा, ऊस, टोमॅटो. गंमत म्हणा किंवा थट्टा म्हणा, जिथे पाऊस सर्वांत जास्त तिथल्या आदिवासी वाड्यांच्या विहिरी उन्हाळ्यात आधी आटतात. खालचा काळा बेसॉल्ट खडक कठीण, पाणी मुरायला जागा थोडी आणि उतार तीव्र, त्यामुळे पडलेलं पाणी थेट नदीला आणि नदीतून धरणाला. अशा तालुक्याची एकच सरासरी काढली तर काय होईल? समजा, पूर्वेकडच्या चार विहिरींत पातळी अर्धा मीटर वर आली आणि पश्चिमेकडच्या एका विहिरीत दोन मीटर खाली गेली. सरासरी बरोबर शून्य! कागदावर तालुका ठीकठाक, आणि वाडीत पाणी नाही. सातवी-आठवीच्या वर्गात सरासरीची मर्यादा शिकवायला याहून चांगलं गणित मला तरी सापडलेलं नाही.

यावर उपाय म्हणजे पश्चिमेकडे जास्त विहिरी आणि झरे मोजणं. पण तिथे जाण्याचा खर्च प्रत्येक नोंदीमागे जास्त येतो. रस्ता घाटाचा, वाड्या विखुरलेल्या, दिवसाकाठी दोन-तीन ठिकाणं जमली तर जमली. फक्त ‘कमी पैशात किती नोंदी झाल्या’ एवढंच बघणारा हिशेब नेहमी सपाटीवरच्या, डांबरी रस्त्यालगतच्या विहिरींनाच झुकतं माप देईल. या भागासाठी पैशाचा दुसरा दरवाजाही आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावं. जिल्हा वार्षिक योजनेत सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना असे वेगळे भाग असतात. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि त्याचं काय करायचं ते ग्रामसभा ठरवते.

आता माळीणबद्दल. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. मुलांना हे सांगताना आवाज जड होतो, पण सांगायला हवं.

दरडींचा अभ्यास करणारी मुख्य संस्था वेगळी आहे : केंद्राच्या खाण मंत्रालयाखालील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, १८५१ पासूनची. तिचा पैसा दिल्लीच्या अर्थसंकल्पातून येतो. देशातला चार लाख चौरस किलोमीटरहून जास्त डोंगराळ भाग दरडप्रवणतेच्या दृष्टीने नकाशावर आणायचा कार्यक्रम तिने २०१४ मध्येच हाती घेतला. या नकाशांचं प्रमाण १ : ५०,०००. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. माळीणसारखी वाडी त्यात नखाएवढ्या जागेत मावते. इतक्या मोठ्या प्रदेशात आधी कुठे बघायचं हे कळण्यासाठी असा नकाशा योग्यच, पण ‘या घराच्या मागचा उतार धोक्याचा आहे का’ याचं उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी प्रत्येक वाडीवर जाऊन मोठ्या प्रमाणाचा नकाशा करावा लागतो आणि तो खर्च पुन्हा त्याच प्रवास-इंधनाच्या खोलीतून निघतो.

लेखाशीर्षांच्या भाषेत बघा. दरड कोसळण्याआधी उतार तपासणं हा सर्वेक्षणाचा खर्च, ज्याला कपातीत सर्वांत आधी कात्री लागू शकते. दरड कोसळल्यानंतरची मदत २२४५ मधून, आणि तिला कुणी नाही म्हणत नाही, म्हणूही नये. माळीणच्या लोकांसाठी जवळच आमडे इथे नवीन गाव वसवलं गेलं, घरं एप्रिल २०१७ मध्ये ताब्यात मिळाली. नवीन गावाला जागा, रस्ते, पाणी, शाळा असं सगळं लागतं. त्या खर्चाशेजारी एका भूवैज्ञानिकाचा पावसाळ्याआधीचा दौरा ठेवून बघा. अडचण अशी की दौऱ्याचं यश दिसत नाही. दरड पडली नाही, माणसं वाचली, तर त्याची बातमी होत नाही. पुढच्या वर्षी मागणी मांडताना अधिकाऱ्याला दाखवायला फोटोही नसतो.

वर्गात हे करून बघायचं असेल तर राज्याच्या वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पाची प्रकाशनं मराठीत मिळतात. पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाची मागणी उघडा आणि मुलांना प्रत्येक शीर्षापुढचे रकाने वाचायला सांगा : मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक टक्क्यांत काढायला लावा. वेतन आणि प्रवास यांचे स्तंभालेख शेजारी शेजारी काढले की बोलण्यासारखं खूप निघतं. आठवी-नववीची मुलं हे सहज करतात.

सोबत एक विहीर दत्तक घ्या. शाळेजवळचीच, आणि मालकाला विचारून. दोरीला गाठी मारून किंवा मोजपट्टीने चारही वेळची पातळी मोजा, मुलांना कठड्यापासून लांब ठेवून, मोजणारे मोठेच. आकडे फलकावर लावा. पालकहो, ऑक्टोबरनंतरच्या ग्रामसभेत तुम्ही दोन प्रश्न विचारू शकता : आपल्या गावातली किंवा जवळची निरीक्षण विहीर कोणती, आणि यंदाची तिची नोंद काय आली? ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे नसेल तर यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांना पत्र लिहून ती मागवता येते. पत्रलेखनाचा सराव म्हणून मुलांकडूनच लिहून घ्या. उत्तर आलं की ते शाळेच्या नोंदीशेजारी लावा.