गुंता सुटावा, केस राहावेत
उतारवयातील कुरळ्या केसांसाठी कंगवा, पंचा आणि ड्रायर यांची निवड

घरातील वृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळली की काही आठवड्यांतच एक वाक्य कानी येते : "केस फार गुंततात, कापूनच टाकू या." असे म्हणणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. औषधे, अंघोळ, जेवणखाण यांच्या धबडग्यात केसांसाठी निराळा वेळ काढणे जड जाते. विंचरताना आजी कळवळतात, शुश्रूषा करणारीचा हात थबकतो आणि शेवटी कात्री हाच सोपा उपाय वाटू लागतो. केस कुरळे असतील तर ही वेळ आणखी लवकर येते. परंतु पुष्कळदा दोष केसांचा नसतो आणि शुश्रूषा करणाऱ्याचाही नसतो. हातातील कंगवा त्या केसांना साजेसा नसतो आणि केस पुसण्याची रीत त्यांना मानवत नाही. या दोन गोष्टी बदलल्या तर बहुतेक घरांत कात्रीची वेळ टळू शकते.

कुरळा केस वेगळा का वागतो?

सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल असतो. कुरळ्या केसाचा लंबगोल, काहीसा चपटा. केसावर कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले असतात. केस जिथे वळतो तिथे हे खवले उचलले जातात, शेजारच्या केसाच्या खवल्यांत अडकतात आणि गुंता होतो. प्रत्येक वळण ही तुटण्याची संभाव्य जागा असते. शिवाय डोक्याच्या त्वचेतून पाझरणारा तेलकट स्राव सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरतो, पण नागमोडी केसावर तो मुळाशीच रेंगाळतो. म्हणून कुरळ्या केसांची मुळे तेलकट आणि टोके कोरडी, असे चित्र नेहमी दिसते.

वय वाढते तसा हा स्रावही घटतो. विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये. केस विरळ होतात, डोक्याची त्वचा पातळ व नाजूक होते. त्यात उशीवर सतत एकाच जागी डोके घासले गेले की मानेच्या वर, डोक्याच्या मागील बाजूस गुंता धरतो. ऑक्सिजनच्या मास्कची पट्टी, चष्म्याच्या दांड्या आणि श्रवणयंत्र यांच्याभोवतीही केस गुरफटतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाण्यात केसातील काही सूक्ष्म बंध तात्पुरते सैल होतात. ओला केस मूळ लांबीच्या सुमारे ३० टक्के ताणला जाऊ शकतो. त्यापलीकडे ओढल्यास तो कायमचा दुखावतो. म्हणून सरळ केस शक्यतो वाळल्यावर विंचरावेत. कुरळे केस मात्र पूर्ण कोरडे असताना विंचरले तर तटातट तुटतात व पिंजारतात. त्यांच्यासाठी मधला मार्ग हितकर : केस ओलसर असावेत, त्यांवर कंडिशनरचा किंवा खोबरेल तेलाचा निसरडा थर असावा आणि कंगवा रुंद दातांचा असावा.

आधी त्वचा, मग हात, मग केस

बाजारात साधन निवडताना आपण केसांचाच विचार करतो. वृद्ध व्यक्तीसाठी हा क्रम बदलावा. साधन आधी डोक्याच्या त्वचेला सोसवले पाहिजे, मग ते धरणाऱ्या हाताला जमले पाहिजे आणि त्यानंतर केसांना मानवले पाहिजे.

त्वचेसाठी एक साधी परीक्षा पुरेशी आहे. कंगव्याचे दात मनगटाच्या आतील बाजूवरून हलकेच ओढून पाहावेत. ओरखडल्यासारखे वाटले तर तो कंगवा वृद्धाच्या डोक्याला लावू नये. स्वस्त प्लॅस्टिकच्या कंगव्यांवर साच्याच्या जोडाची बारीक धार राहिलेली असते. ती त्वचेला बोचते आणि केसही कापते. दातांची टोके गोलसर असावीत. दोन दातांमध्ये शाळेतील पेन्सिल बसेल इतके अंतर असेल तर कुरळ्या केसांना ते योग्य. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांच्या बाबतीत ही परीक्षा अधिक काटेकोरपणे करावी, कारण लहानसा ओरखडाही त्यांच्यात बराच वेळ वाहतो.

कडुनिंबाच्या वा अन्य लाकडाच्या कंगव्याने केस कमी भुरभुरतात, कारण प्लॅस्टिकप्रमाणे त्यावर स्थिर विद्युत साठत नाही. मात्र लाकूड पाण्यात भिजत ठेवू नये. ते फुगते, तडकते आणि तडकलेल्या जागी केस अडकतो. लवचिक दातांचे ब्रश अलीकडे सर्वत्र मिळतात. गाठ लागली की त्यांचे दात वाकतात, त्यामुळे केसांवरचा ताण कमी होतो. हळव्या डोक्यासाठी ते चांगले. ज्या ब्रशच्या टोकांवरील गोळ्या गळून पडल्या आहेत तो मात्र टाकून द्यावा. दोन्ही बाजूंनी बारीक दातांची फणी उवा-लिखांसाठी आहे, गुंत्यासाठी नव्हे. गोल ब्रशमध्ये कुरळे केस गुंडाळले जाऊन अडकतात, तोही टाळावा.

आता हाताचा विचार. अनेक ज्येष्ठ नागरिकांना स्वतःचे केस स्वतः विंचरायचे असतात आणि ही इच्छा जपण्यासारखी आहे. संधिवाताने बोटे आखडली असतील तर पातळ मूठ धरवत नाही. अशा वेळी कंगव्याच्या मुठीला जुने मऊ कापड घट्ट गुंडाळून शिवून टाकावे किंवा सायकलच्या हँडलचे रबर चढवावे. खांदा आखडल्यामुळे हात डोक्यामागे पोहोचत नसेल तर लांब, किंचित वाकड्या दांड्याचा कंगवा घ्यावा. शुश्रूषेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत तो मिळतो. कोपर टेबलावर टेकवून विंचरले तर खांद्यावरील भार कमी होतो. समोरचे केस आजींनी विंचरावेत, मागचे सुनेने किंवा लेकीने, अशी वाटणी पुष्कळ घरांत सुखाची ठरते.

विंचरण्याची रीत

व्यक्तीला पाठ टेकवून बसवावे. प्रथम कंगवा बाजूला ठेवून बोटांनी केस चाचपावेत, कारण गाठ कुठे आहे हे बोटांना कंगव्याआधी कळते. केसांचे चार भाग करून तीन भाग चिमट्यांनी बांधावेत आणि एका वेळी एकच भाग हाती घ्यावा. दुसऱ्या हाताने ती बट गाठीच्या वर, म्हणजे मुळाच्या बाजूला, घट्ट धरावी. अशाने कंगव्याचा हिसका हातावर येतो, डोक्यावर नाही. विंचरण्यास टोकापासून आरंभ करावा आणि दोन-तीन बोटे अंतराने वर सरकत जावे. मुळापासून खाली कंगवा ओढला की वाटेतील साऱ्या लहान गाठी गोळा होऊन एक मोठी गाठ तयार होते.

रोज दहा मिनिटे हे काम केले तर आठवड्याने तासभर झगडावे लागत नाही. विंचरल्यावर सैल वेणी घालावी. घट्ट अंबाडा किंवा ताणलेली वेणी मुळांवर ओढ आणते, आणि निजलेल्या माणसाला मागचा अंबाडा टोचतो. उशीला मऊ रेशमी साडीच्या तुकड्याचा किंवा सॅटिनचा अभ्रा घातल्यास घर्षण घटते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला काय करणार आहोत ते आधी सांगावे, कंगवा तिच्या हाती देऊन पाहू द्यावा आणि ती वैतागली तर काम तिथेच थांबवावे. उरलेला भाग सायंकाळी करता येतो.

पंचा, वारा आणि ड्रायर

केस पुसण्यासाठी आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या असलेला धुवट सुती पंचा हेच कुरळ्या केसांसाठी उत्तम साधन आहे. जाड टॉवेलच्या उभ्या धाग्यांत केसांची वळणे अडकतात. पंचा, मलमलीचे कापड, जुना मऊ सुती टी-शर्ट किंवा मायक्रोफायबरचे कापड यांपैकी काहीही चालेल. मात्र केस चोळू नयेत, झटकू नयेत. बट तळहातावरील कापडात घेऊन मूठ मिटावी आणि पाणी टिपावे. ओला जड टॉवेल डोक्याला फेट्यासारखा गुंडाळून ठेवण्याची सवय मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांनी सोडावी. मान खाली घालून केस झाडणेही टाळावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वर उठताना भोवळ येऊन तोल जाण्याचा धोका असतो.

ऊन असेल तेव्हा सकाळच्या कोवळ्या उन्हात खुर्चीवर बसून केस वाळवणे सर्वांत सोपे. परंतु आषाढ-श्रावणात, विशेषतः कोकणात, दाट कुरळे केस दिवसभर ओले राहतात आणि त्याच ओल्या केसांनी माणूस उशीवर आडवा होतो. अशा दिवसांत ड्रायरला नाके मुरडण्याचे कारण नाही. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात केसांचे झुबके वारंवार धुऊन निरनिराळ्या रीतींनी वाळविले. ड्रायर ५ सेंटिमीटरवर धरला तेव्हा तापमान ९५ अंश सेल्सियस, १० सेंटिमीटरवर ६१ आणि १५ सेंटिमीटरवर ४७ अंश होते. उष्णता वाढली तशी केसांच्या पृष्ठभागाची हानी वाढली. आपोआप वाळू दिलेल्या केसांत मात्र आतील पेशींना जोडणारा थर दुखावलेला आढळला. १५ सेंटिमीटर अंतर ठेवून ड्रायर सतत हलता ठेवणे हे केस नुसते वाळू देण्यापेक्षा कमी हानिकारक, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्यासाठी माप सोपे आहे : एक वीत अंतर ठेवले की १५ सेंटिमीटर सहज राखले जाते.

केसांना सोसणारी उष्णता वृद्ध त्वचेला सोसेलच असे नाही. मधुमेहामुळे वा पक्षाघातामुळे संवेदना कमी झालेली व्यक्ती भाजेपर्यंत तक्रार करत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला ते सांगता येत नाही. म्हणून शुश्रूषा करणाऱ्याने आपला तळहात ड्रायर आणि डोके यांच्यामध्ये ठेवावा. जे आपल्या तळहाताला गरम लागते ते त्यांच्या डोक्याला अतिगरम समजावे. खरेदी करताना अधिक वॅटपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : गार हवेची सोय, कमी वजन आणि पुढे बसविण्याचा डिफ्यूझर. डिफ्यूझर म्हणजे छिद्रांचा पसरट वाडगा. तो हवेचा झोत पसरवतो, त्यामुळे वळणे उधळत नाहीत. श्रवणयंत्र आधी काढून ठेवावे. न्हाणीघरात किंवा ओल्या हाताने ड्रायर लावू नये. घरात ऑक्सिजन चालू असलेल्या व्यक्तीजवळ ड्रायर कदापि वापरू नये. तिथे पंचा आणि पंख्याचा मंद वारा एवढेच साधन. शेगडीवर ऊद-धूप घालून केस वाळवण्याची जुनी प्रथा वृद्धांच्या बाबतीत सोडून द्यावी. दम्याच्या रुग्णाला धूर बाधतो आणि साडीचा पदर पेटण्याची भीती असतेच.

जट झालीच तर

बरेच दिवस रुग्णालयात काढून आलेल्या माणसाच्या डोक्यामागे कधी कधी केसांची नमद्यासारखी घट्ट गादी झालेली असते. आपल्याकडे जटेला देवाचे लेणे मानून तिला हात न लावण्याची समजूत होती व काही ठिकाणी अजूनही आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी समजूत घालून अनेक स्त्रियांची त्या ओझ्यातून सुटका केली आहे. जट हा दैवी संकेत नव्हे. न विंचरलेले, घासले गेलेले, एकमेकांत घट्ट अडकलेले ते केस असतात.

बहुतेक वेळा ती सोडविता येते. भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल तेल लावून अर्धा तास मुरू द्यावे. मग बोटांनी ती गादी उभी, म्हणजे केसांच्या लांबीच्या दिशेने, चिरत न्यावी आणि सुटलेल्या बटा टोकाकडून विंचराव्यात. एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ काम करू नये. तीन-चार दिवस लागले तरी हरकत नाही. कापावेच लागले तर बोथट टोकाच्या कात्रीने जटेलाच उभा छेद द्यावा, आडवा नव्हे, आणि कात्री व त्वचा यांच्यामध्ये आपले बोट ठेवावे. पुष्कळ लांबी अशाने वाचते.

कंगवा जे सांगतो ते ऐकावे

विंचरण्याची वेळ ही तपासणीचीही वेळ असते. डोक्यामागे लाली, फोड किंवा ओल दिसल्यास ती दाबामुळे होणाऱ्या जखमेची सुरुवात असू शकते. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे, पण अचानक चकती पडली किंवा मूठभर केस येऊ लागले तर डॉक्टरांना दाखवावे. हात वर नेणे दिवसेंदिवस कठीण होत असेल तर खांदा तपासून घ्यावा.

एक लक्षण विशेष लक्षात ठेवावे. पन्नाशी उलटलेल्या व्यक्तीला गुंता नसतानाही कंगवा टेकताच कानशिलापाशी वेदना होऊ लागली आणि त्याजोडीला नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे किंवा दृष्टी अंधुक होणे यांपैकी काही असेल, तर कानशिलाजवळील रक्तवाहिनीला सूज आलेली असू शकते. हा विकार विरळा असला तरी उपचारास उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

निर्णय कोणाचा?

एवढे करूनही एखाद्या आजी म्हणतील, "बाई, आता झेपत नाही, कापा." मग आनंदाने कापावेत, आखूड कुरळे केस शोभूनही दिसतात. पण हे वाक्य त्यांच्या तोंडून यावे. आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात असलेल्या कित्येक स्त्रियांनी बालपणी घरात आलवण नेसलेली, केशवपन केलेली आजी किंवा आत्या पाहिलेली असू शकते. अशा पिढीतील स्त्रीला न विचारता तिच्या केसांना कात्री लावणे हा केवळ सोयीचा प्रश्न उरत नाही. बोलता येत नसेल तर हाताच्या खुणेने, मान हलवून, आरशात दाखवून विचारावे आणि उत्तरासाठी थोडे थांबावे.

रुंद दातांचा एक कंगवा, एक जुना पंचा आणि रोजची दहा मिनिटे एवढ्यावर हे सारे निभते. त्या दहा मिनिटांत पाठीमागे बसून कोणी हलक्या हाताने केस विंचरत असते, चार गोष्टी बोलत असते. दिवसभर गोळ्या आणि तपासण्या यांच्यासाठीच ज्या देहाला हात लागतो, त्याला तो स्पर्श मोलाचा वाटतो.